सामायिक बाजारपेठेत सोलापुरी चादर

जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात राहून सोलापूरच्या चादरी आणि टेरी टॉवेल आयात करायचे आणि युरोपीय संघातील शक्य तितक्या देशांत विकायचे, असे मी आणि माझ्या पत्नीने २०२२ साली ठरवले, तेव्हा आमच्या मनात एक ठाम समज होता. सत्तावीस देशांची एकच बाजारपेठ आहे, म्हणजे एका देशातील सोपस्कार पूर्ण केले की बाकीच्या सव्वीस देशांची दारे आपोआप उघडतात, असा तो समज होता. कंपनी नोंदवण्यापासून साल्झबुर्गच्या दुकानाशी आणि लियोंच्या विक्री प्रतिनिधीशी करार करण्यापर्यंतचा सारा प्रवास केल्यानंतर मला असे दिसते, की हा समज चादरीच्या बाबतीत बराचसा खरा आहे, आमच्या कंपनीच्या बाबतीत खरा आहे आणि माझ्या स्वतःच्या बाबतीत मात्र जवळजवळ खोटा आहे. शिवाय हे स्वातंत्र्य ज्याला मिळते, त्याला ते करार करून दुसऱ्यापासून हिरावून घेता येत नाही. या दुसऱ्या गोष्टीने आम्हाला अधिक झगडायला लावले, म्हणून या लेखात तिलाच अधिक जागा दिली आहे.

पहिला प्रश्न माझ्या पारपत्राचा होता. १९५७ च्या रोम कराराने माल, सेवा, भांडवल आणि माणसे यांच्या मुक्त संचाराचा पाया घातला, आणि आज संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या कराराच्या ४९ व्या कलमात दुसऱ्या सदस्य देशात जाऊन व्यवसाय थाटण्याचे स्वातंत्र्य दिलेले आहे. पण ते सदस्य देशांच्या नागरिकांना दिलेले आहे. माझ्याकडे भारतीय पारपत्र आणि जर्मनीतील कायम वास्तव्याचा परवाना आहे. त्या परवान्यावर मला जर्मनीत कोणताही वैध व्यवसाय करता येतो, परंतु सीमेपलीकडच्या साल्झबुर्गला बिऱ्हाड हलवून तिथे दुकान काढायचे म्हटले, तर मला ऑस्ट्रियाची वेगळी परवानगी लागेल. याउलट त्याच कराराचे ५४ वे कलम सांगते, की एखाद्या सदस्य देशाच्या कायद्यानुसार स्थापन झालेली आणि नोंदणीकृत कार्यालय संघात असलेली कंपनी त्या देशाच्या नागरिकासारखीच मानावी. भागधारक कोणत्या देशाचे आहेत, हे ते कलम विचारत नाही. याचा सरळ अर्थ असा, की मला जे करता येत नाही ते माझ्या मालकीच्या कागदी व्यक्तीला करता येते. आमच्या नोटरीने हे अत्यंत शांतपणे, जणू काही हवामान सांगावे तसे सांगितले. मला मात्र ते पचवायला थोडा वेळ लागला.

कंपनीचा प्रकार निवडताना जीएमबीएच आणि यूजी असे मर्यादित दायित्वाच्या जर्मन कंपनीचे दोन पर्याय होते. पहिल्या प्रकारात भागभांडवल किमान २५,००० युरो लागते आणि नोंदणीच्या वेळी त्यातील किमान १२,५०० युरो प्रत्यक्ष भरावे लागतात. दुसरा प्रकार एक युरोपासून उभा राहू शकतो, मात्र भांडवल २५,००० युरोंपर्यंत पोहोचेपर्यंत दरवर्षीच्या नफ्याचा एक चतुर्थांश राखीव ठेवावा लागतो. हा दुसरा प्रकार जर्मनीने नोव्हेंबर २००८ मध्ये आणला, आणि तो का आणला याची गोष्ट या बाजारपेठेच्या स्वभावाबद्दल बरेच सांगून जाते. डेन्मार्कमधील एका दांपत्याने तिथली किमान भांडवलाची अट टाळण्यासाठी इंग्लंडमध्ये 'सेन्ट्रोस' नावाची कंपनी नोंदवली आणि तिची शाखा डेन्मार्कमध्ये उघडायला अर्ज केला. डॅनिश अधिकाऱ्यांनी तो नाकारला. १९९९ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा नकार बेकायदा ठरवला, आणि त्यानंतर कित्येक जर्मन व्यावसायिकांनीही इंग्लिश लिमिटेड कंपन्या काढून घरीच धंदा सुरू केला. अखेर जर्मनीलाच आपला स्वस्त प्रकार काढावा लागला. आम्ही यूजी निवडली. नोटरीसमोर सगळा दस्तऐवज मोठ्याने वाचून दाखवला जातो, त्याला पर्याय नाही. त्यानंतर व्यापार नोंदवहीत नाव चढले, नगरपालिकेत व्यवसायाची नोंद झाली, कर कार्यालयाने क्रमांक दिला. या टप्प्यात वेळ गेला, पण सांगण्यासारखे विशेष काही नाही.

मालाची कथा अगदी वेगळी निघाली. हाम्बुर्ग बंदरात पहिला कंटेनर उतरला, आमच्या सीमाशुल्क प्रतिनिधीने घोषणापत्र भरले, शुल्क आणि आयातीवरील मूल्यवर्धित कर भरला, आणि त्या क्षणी सोलापूरच्या यंत्रमागावर विणलेली चादर कायद्याच्या भाषेत 'मुक्त संचारातील माल' झाली. कराराच्या २८ व्या आणि २९ व्या कलमांनुसार बाहेरच्या देशातून आलेला पण शुल्क भरून मुक्त झालेला माल संघातील मालाच्या बरोबरीचा मानला जातो. ती चादर पुढे पॅरिसला, प्रागला किंवा पोर्तोला जाताना तिला कोणी पुन्हा शुल्क मागणार नाही. मी गमतीने सोलापूरच्या आमच्या कारखानदार काकांना फोनवर म्हणालो, "काका, तुमची चादर इथे माझ्यापेक्षा जास्त स्थायिक झाली." ते म्हणाले, "मग तिच्याच नावावर बँकेत खातं काढा." हसण्यावारी नेले, तरी कंपनीच्या खात्यावरचे पैसे शेवटी चादरीच्याच नावावर असतात, हे त्यांना माझ्याआधी कळले होते.

समान वागणूक म्हणजे विनाअट वागणूक नव्हे. कापडात रंग असतो, आणि अझो नावाच्या विशिष्ट कृत्रिम रंगांपासून सुटणाऱ्या ठरावीक घातक अमाइनांचे प्रमाण प्रति किलो ३० मिलिग्रॅमच्या वर गेले, तर कातडीला लागणारे कापड संघात कुठेही विकता येत नाही. त्यामुळे प्रत्येक रंगाच्या लॉटची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी लागते, आणि सोलापुरात लाल आणि गडद निळ्या रंगांसाठी वापरले जाणारे रंगद्रव्य कोणाकडून आले, याची कागदपत्रे मागावी लागतात. काकांना सुरुवातीला हा आमच्याकडून दाखवलेला अविश्वास वाटला. मग त्यांनीच रंगाच्या डब्यांचे फोटो आणि पुरवठादाराची पत्रे पाठवायला सुरुवात केली. २०११ च्या वस्त्रतंतू नियमावलीनुसार चादरीवर तंतूंचे नाव आणि टक्केवारी द्यावी लागते, तीही ज्या देशात ती ग्राहकाला विकली जाते त्या देशाच्या अधिकृत भाषेत. म्हणून आमच्या चादरीच्या कोपऱ्याला शिवलेली पट्टी लांबत गेली. १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियमावलीमुळे निर्मात्याच्या नावाबरोबर आयातदार म्हणून आमचे नाव, टपालाचा पत्ता आणि ईमेलही मालावर आले. ही सगळी बंधने मला रास्त वाटली. अंगावर घेण्याच्या वस्तूबद्दल कोणाला जाब विचारायचा, हे लिहिलेले असावे, यात तक्रार करण्यासारखे काही नाही.

तक्रार करण्यासारखी परिस्थिती नेदरलँड्समधील एका मोठ्या खरेदीदाराने निर्माण केली. त्याने आमच्या जर्मन प्रयोगशाळेचे अहवाल बाजूला ठेवून, त्यालाच हवे असलेले एका खासगी संस्थेचे प्रमाणपत्र मागितले. मी आमच्या वकीलबाईंकडे गेलो तो १९७९ चा कासी द दिजों खटला तोंडपाठ करून. त्यात जर्मनीने फ्रान्सच्या ब्लॅककरंट फळांच्या मद्यार्काला, त्यात अल्कोहोल २५ टक्क्यांपेक्षा कमी आहे म्हणून, अटकाव केला होता, आणि न्यायालयाने म्हटले होते, की एका सदस्य देशात कायदेशीरपणे बनवलेला आणि विकला जाणारा माल दुसऱ्याने सबळ सार्वजनिक कारण असल्याशिवाय अडवू नये. वकीलबाईंनी माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, "पण इथे अडवतो आहे कोण? देश की दुकानदार?" परस्पर मान्यतेचे तत्त्व सरकारला बांधते, गिऱ्हाइकाला नाही. खासगी खरेदीदाराने काय घ्यावे आणि कोणत्या अटीवर घ्यावे, हे त्याचे स्वातंत्र्य आहे, आणि ते माझ्या स्वातंत्र्याइतकेच खरे आहे. मात्र त्यांनी याला एक अपवादही सांगितला. इटलीतील फ्राबो ही तांब्याचे नळजोड बनवणारी कंपनी जर्मनीतील पाणी व वायू क्षेत्राच्या एका खासगी मानक संस्थेविरुद्ध न्यायालयात गेली होती, कारण त्या संस्थेचे प्रमाणपत्र नसेल तर जर्मन बाजारात माल विकणे व्यवहारतः अशक्य झाले होते. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवले, की खासगी असूनही त्या संस्थेला मालाच्या मुक्त संचाराचे नियम लागू होतात, कारण राष्ट्रीय कायदा तिच्या प्रमाणपत्राला इतके वजन देतो, की बाजाराचे दार प्रत्यक्षात तिच्याच हातात राहते. आमचा डच खरेदीदार असा दारवान नव्हता. त्याच्या शेजारी दहा दुकाने होती. आम्ही प्रमाणपत्र काढले, कारण त्याची मागणी मोठी होती, आणि त्याचा खर्च दरात मिळवला.

ग्राहकांना थेट विक्री सुरू केली तेव्हा कराचा विषय आला. १ जुलै २०२१ पासून संघातील इतर सर्व देशांतील ग्राहकांना दूरविक्रीने होणारी एकूण वार्षिक विक्री १०,००० युरोंच्या वर गेली, की ग्राहकाच्या देशाचा दर लावावा लागतो: फ्रान्स आणि ऑस्ट्रियाला २० टक्के, नेदरलँड्सला २१, डेन्मार्कला २५, हंगेरीला २७. पूर्वी यासाठी देशोदेशी नोंदणी करावी लागे. आता जर्मनीच्या केंद्रीय कर कार्यालयात एकाच खिडकीवर दर तिमाहीला एक विवरण भरले, की तेच कार्यालय पैसे वाटून देते. सामायिक बाजारपेठेत आम्हाला भेटलेली सर्वांत सोपी गोष्ट हीच, आणि ती कर खात्याने केलेली आहे, याची मला अजून मौज वाटते. एकच पथ्य पाळावे लागते. साठा दुसऱ्या देशातील गोदामात ठेवला, तर त्या देशात वेगळी नोंदणी टळत नाही. पोलंडमधील स्वस्त गोदामाचा प्रस्ताव आम्ही त्यामुळे नाकारला.

थेट विक्रीत आपण कोणाला विकायचे हे आपण ठरवू, असे मला वाटत होते. पण डिसेंबर २०१८ पासून लागू असलेल्या भौगोलिक अडवणूकविरोधी नियमावलीनुसार ग्राहक अमुक देशात राहतो, एवढ्या कारणावरून त्याला आमच्या संकेतस्थळावर माल नाकारता येत नाही, त्याला न विचारता दुसऱ्या पानावर पाठवता येत नाही, आणि त्याचे कार्ड फ्रेंच बँकेचे आहे म्हणून ते नाकारता येत नाही. पोर्तुगालपर्यंत माल पोहोचवण्याची सक्ती मात्र नाही. पोर्तोच्या एका गृहस्थांना आमच्या चादरी हव्या होत्या आणि आम्ही पोर्तुगालला पार्सल पाठवत नव्हतो. त्यांनी स्टुटगार्टला राहणाऱ्या बहिणीचा पत्ता दिला, जर्मन ग्राहकाला लागणाऱ्या अटींवर पैसे भरले आणि माल नेला. मला ही व्यवस्था न्याय्य वाटते, कारण विकणाऱ्याला ती घरपोच द्यायला लावत नाही आणि घेणाऱ्याला दारातून परतवू देत नाही.

यातूनच कायद्याची एक बारीक गाठ पुढे आली. कोणत्या कराराला कोणत्या देशाचा कायदा लागू होतो हे ठरवणाऱ्या रोम-एक नियमावलीच्या सहाव्या कलमानुसार व्यापाऱ्याने आपला व्यवसाय ज्या देशाकडे 'वळवला' असेल, त्या देशातील ग्राहकाला त्याच्या घरच्या कायद्याचे सक्तीचे संरक्षण मिळते, मग करारात आपण जर्मन कायदा निवडलेला असो वा नसो. व्यवसाय वळवला आहे की नाही, हे कसे ओळखायचे याची लक्षणे युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये पाम्मर आणि हॉटेल आल्पेनहोफ या जोडखटल्यात सांगितली आहेत: दूरध्वनीला आंतरराष्ट्रीय क्रमांक दिला आहे का, दुसऱ्या देशाची भाषा किंवा चलन वापरले आहे का, तिकडच्या ग्राहकांसाठी जाहिरातीवर खर्च केला आहे का. नुसते संकेतस्थळ तिथून उघडते, एवढे पुरेसे नाही. आणि अडवणूकविरोधी नियमावली स्वतःच सांगते, की तिचे पालन म्हणून परदेशी ग्राहकाला माल विकला, एवढ्यावरून तुम्ही त्याच्या देशाकडे वळलात असे मानू नये. म्हणून संकेतस्थळावर फ्रेंच भाषा घालणे हा आमच्या दृष्टीने रचनेचा प्रश्न राहिला नाही, तो फ्रेंच ग्राहक कायदा अंगावर घेण्याचा निर्णय झाला. तो आम्ही २०२४ मध्ये जाणूनबुजून घेतला.

वेष्टणाच्या नोंदणीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण लिहू लागलो तर राग अनावर होईल. जर्मनीत २०१९ पासून पुठ्ठ्याचा खोका ग्राहकाकडे पाठवणाऱ्याने केंद्रीय वेष्टण नोंदवहीत नाव घालावे लागते आणि त्याच्या विल्हेवाटीसाठी पैसे भरावे लागतात. ऑस्ट्रियाला २०२३ पासून परदेशी दूरविक्रेत्याने तिथला अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. फ्रान्समध्ये वेष्टणाबरोबर घरगुती कापडाच्याही टाकाऊ अवस्थेची जबाबदारी विक्रेत्यावर आहे. माल मुक्तपणे फिरतो, पण त्याच्याभोवतीचा पुठ्ठा प्रत्येक देशात नव्याने नोंदवावा लागतो, आणि दहा खोके पाठवणाऱ्यालाही दहा हजार पाठवणाऱ्याइतकाच कागद लागतो. पर्यावरणासाठी हे बंधन योग्य आहे. ते सत्तावीस वेगवेगळ्या रीतींनी घालण्याला मात्र मला कोणतेही समर्थन सापडलेले नाही. डेन्मार्क आणि फिनलंड आम्ही त्यापायी सोडून दिले.

आता साल्झबुर्गविषयी. तिथे घरगुती कापडाचे एक जुने दुकान चालवणाऱ्या बाईंना आमच्या चादरी आवडल्या आणि त्यांनी मोठी मागणी नोंदवण्याची तयारी दाखवली, पण दोन अटींवर. ऑस्ट्रियात आमचा माल फक्त त्यांनीच विकावा, आणि सीमेच्या अलीकडच्या, जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील आमच्या दुकानदारांनी ऑस्ट्रियन गिऱ्हाइकाला माल देऊ नये. त्यांचे म्हणणे अवाजवी नव्हते. दर्शनी खिडकी सजवायची त्यांनी, लोकांना सोलापुरी विणकाम समजावून सांगायचे त्यांनी, आणि मग गिऱ्हाइकाने सीमेपलीकडे जाऊन तीच चादर चार युरो स्वस्त आणायची, हे कोणालाही खुपेल. मला त्यांची मागणी मान्य होती. बव्हेरियाच्या दोन दुकानदारांनाही ती मान्य होती, कारण त्यांचे ऑस्ट्रियन गिऱ्हाईक फारसे नव्हते. चार शहाणी माणसे आपापल्या मर्जीने एक करार करत होती आणि कोणीही कोणाला फसवत नव्हते. खासगी व्यवहाराचे स्वातंत्र्य म्हणजे आणखी वेगळे काय असते, असे मी वकीलबाईंना विचारले.

त्यांनी मला ग्रुंडिगची गोष्ट सांगितली. ग्रुंडिग या जर्मन रेडिओ उत्पादकाने फ्रान्समधील कोंस्तां कंपनीला एकमेव वितरक नेमले होते, इतर देशांतील वितरकांना फ्रान्समध्ये माल पाठवण्यास मनाई केली होती, आणि 'जिंट' हे बोधचिन्हही कोंस्तांच्या नावे फ्रान्समध्ये नोंदवून दिले होते. एका तिसऱ्या फ्रेंच व्यापाऱ्याने जर्मनीतून ग्रुंडिगची यंत्रे आणून फ्रान्समध्ये स्वस्त विकली, तेव्हा कोंस्तांने त्याच्यावर दावा लावला. प्रकरण युरोपीय आयोगाकडे आणि मग न्यायालयाकडे गेले, आणि १९६६ मध्ये न्यायालयाने असा करार स्पर्धेच्या नियमांविरुद्ध असल्याचे म्हटले. त्यामागचा विचार असा, की देशांनी जकातीच्या भिंती पाडायच्या आणि व्यापाऱ्यांनी करारांनी त्या पुन्हा बांधायच्या, हे चालू दिले तर सामायिक बाजारपेठ उभीच राहणार नाही. आम्ही चौघे राजी होतो, हे खरे होते. पण त्या टेबलावर पाचवा कोणी बसलेला नव्हता: साल्झबुर्गमध्ये राहणारा आणि बव्हेरियातून चादर आणू इच्छिणारा ग्राहक. आमच्या कराराचा खर्च तोच देणार होता.

मी एक पळवाट शोधली होती. १९६९ च्या फ्योल्क विरुद्ध फेरफाके खटल्यात धुलाई यंत्रांच्या एका जर्मन उत्पादकाचा बाजारातील वाटा एक टक्क्याच्याही आत होता, आणि अशा नगण्य वाट्यामुळे संपूर्ण प्रदेशबंदीचा करारही मनाईबाहेर राहू शकतो, असे न्यायालयाने म्हटले होते. आमचा वाटा तर त्या यंत्रांच्या तुलनेतही धुळीच्या कणाएवढा. वकीलबाई म्हणाल्या, की आयोग तुमच्या दारात येणार नाही, हे मीही मान्य करते. पण दोन्ही देशांचे स्वतःचे स्पर्धाकायदे आहेत, गाभ्याच्या निर्बंधांबाबत, म्हणजे प्रदेशबंदी किंवा किंमतबंदीसारख्या सर्वांत गंभीर मानलेल्या अटींबाबत, ते लहानांनाही सहजासहजी सूट देत नाहीत, आणि उद्या बव्हेरियाच्या दुकानदाराने अट मोडली तर तुम्ही ती कोणत्या न्यायालयात बजावून घेणार? जी अट पाळली जाईपर्यंतच टिकते आणि मोडल्यावर शून्य ठरते, तिच्यासाठी साल्झबुर्गच्या बाईंकडून मोठी मागणी घेणे मला प्रामाणिकपणाचे वाटेना.

मग जे करता येते ते आम्ही पाहिले. १ जून २०२२ पासून लागू असलेली आणि ३१ मे २०३४ पर्यंत चालणारी उभ्या करारांची, म्हणजे पुरवठादार आणि त्याचा माल पुढे विकणारा यांच्यातील करारांची, सूट नियमावली, दोन्ही बाजूंचा बाजारवाटा ३० टक्क्यांच्या आत असेल तर, बरीच मोकळीक देते. एका प्रदेशात एक, किंवा जास्तीत जास्त पाच, अनन्य वितरक नेमता येतात. इतर खरेदीदारांना त्या प्रदेशात सक्रिय विक्री करू नका असे सांगता येते: म्हणजे तिथल्या लोकांना उद्देशून जाहिरात करू नका, तिथे फिरून मागणी गोळा करू नका, त्या देशाची ओळख असलेले संकेतस्थळाचे नाव घेऊ नका. पण गिऱ्हाईक स्वतःहून आले, तर त्याला नाही म्हणायला लावता येत नाही. ही निष्क्रिय विक्री आमच्यासारख्या करारात बंद करता येत नाही. ज्या प्रदेशात दुकानदार बसला आहे तिथे सहसा न वापरल्या जाणाऱ्या भाषेत त्याने संकेतस्थळ उघडले, तर ती सक्रिय विक्री ठरू शकते. ही कसोटी फ्रान्सच्या बाबतीत उपयोगी पडते, पण बव्हेरिया आणि साल्झबुर्ग यांच्या बाबतीत तिचा काही उपयोग नाही, कारण दोन्हीकडे जर्मनच चालते. दुकानदाराला इंटरनेटवर परिणामकारक विक्री करण्यापासूनही रोखता येत नाही. किमतीचा मार्ग तर पूर्ण बंद आहे. शिफारस केलेली किंमत छापता येते, कमाल किंमत ठरवता येते, पण यापेक्षा कमीला विकू नका असे म्हटले की तोच गाभ्याचा निर्बंध. आपल्या मालाची दुकानातील किंमत आपण ठरवू शकत नाही, हे सोलापूरच्या काकांना मी अजून नीट पटवून देऊ शकलेलो नाही.

आमच्या बोधचिन्हाचा उपयोग होईल का, हेही विचारून झाले. युरोपीय आर्थिक क्षेत्रात आम्ही किंवा आमच्या संमतीने एकदा विकलेल्या चादरीवर त्या चिन्हाचा हक्क संपतो, त्यामुळे तिची पुढची विक्री त्याच्या जोरावर अडवता येत नाही. दुबईला विकलेली तीच चादर कोणी आमच्या संमतीशिवाय इकडे आणली, तर मात्र अडवता येते. एका ऑस्ट्रियन चष्मानिर्मात्याच्या १९९८ च्या सिल्हुएट खटल्यापासून हे स्पष्ट आहे. थोडक्यात, बाहेरची भिंत आम्हाला वापरता येते, आतली मात्र बांधता येत नाही.

लियोंच्या विक्री प्रतिनिधीशी करार करताना उलट्या बाजूने तोच धडा मिळाला. फ्रान्समधील दुकानांतून फिरून मागण्या आणणाऱ्या या गृहस्थांशी आम्हाला छोटा, सुटसुटीत करार हवा होता: ठरावीक दलाली, काही महिन्यांची परीक्षा, आणि जमले नाही तर कोणीही कोणाला काही देणे लागत नाही. १९८६ च्या स्वतंत्र व्यापारी प्रतिनिधींविषयीच्या निर्देशानुसार करार संपल्यावर प्रतिनिधीला मोबदला किंवा भरपाई मागण्याचा हक्क असतो, आणि करार संपण्यापूर्वी तो त्याच्या तोट्याच्या दिशेने सोडून देता येत नाही. २००० च्या इंग्मार खटल्यात एका अमेरिकी कंपनीने ब्रिटनमधील प्रतिनिधीशी कॅलिफोर्नियाचा कायदा निवडला होता, तरीही न्यायालयाने हा हक्क टिकवला. २०१८ मध्ये तर न्यायालयाने असेही ठरवले, की करार परीक्षेच्या काळातच संपला तरी हा हक्क लागू होतो. सूचनेची मुदतही पहिल्या वर्षी एक महिना, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्यापासून तीन महिने, याहून कमी करता येत नाही. फ्रान्समध्ये न्यायालये साधारणतः दोन वर्षांच्या दलालीइतकी भरपाई देतात. जर्मनीत ती जास्तीत जास्त एका वर्षाच्या सरासरी दलालीइतकी असते. आम्ही जर्मन कायदा निवडला आणि त्या गृहस्थांना फरक आधीच लेखी सांगितला. त्यांनी त्यावर दलाली एका टक्क्याने वाढवून मागितली. ती दिली. माझ्या मते त्यांनी चांगला सौदा केला, आणि मुळात करायला सौदा उरला तो कायद्याने त्यांच्या हाती काहीतरी न सोडता येणारे ठेवल्यामुळे.

साल्झबुर्गचा प्रश्न शेवटी प्रदेशाने नाही, नक्षीने सुटला. आम्ही बाईंसाठी काकांकडून दोन वेगळ्या रंगसंगती विणून घेतल्या आणि त्या फक्त त्यांनाच पुरवण्याचे मान्य केले. कोणाला कोणता माल पुरवायचा, एवढे स्वातंत्र्य आमच्या आकाराच्या व्यापाऱ्याकडे शाबूत आहे. करारात वकीलबाईंनी एक वाक्य आग्रहाने घातले, की बाई हा माल कोणालाही, कुठेही, कोणत्याही किमतीला पुढे विकू शकतात. ऑस्ट्रियातील हक्क अनन्य राहिला, सक्रिय विक्रीची मनाई बव्हेरियाच्या करारांत गेली, आणि निष्क्रिय विक्रीबद्दल कोणी काही लिहिले नाही. मागच्या हिवाळ्यापासून म्युनिकच्या एका दुकानात त्या दोन रंगसंगतींच्या चादरी दिसू लागल्या आहेत. आम्ही त्या दुकानाला काहीही पुरवत नाही. ही बातमी मला साल्झबुर्गच्या बाईंनीच दिली, आणि या वेळी त्यांची काही तक्रार नव्हती, कारण म्युनिकचा दुकानदार त्या चादरी त्यांच्याकडून घाऊक घेतो.